भादव्याची गाडी

सोलापुरात रेल्वे आली १८६० साली, जून महिन्यात. तेव्हा बोरघाटाचं काम अजून चालूच होतं, म्हणजे मुंबईहून निघालेला माणूस घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळ्यापर्यंत चढायचा आणि वर पुन्हा दुसऱ्या गाडीत बसून पुढे यायचा. सलग गाडी १८६३ मध्ये सुरू झाली. आणि आमचं मूळ गाव कुडाळजवळ, सिंधुदुर्गात, तिथपर्यंत रूळ पडायला विसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडावं लागलं. मधे १३० पेक्षा जास्त वर्षं गेली. मुंबईपासून दोन्ही ठिकाणं जवळपास सारख्याच अंतरावर, पण माळावरच्या सोलापूरला कापसासाठी गाडी मिळाली आणि समुद्राकाठच्या कोकणाने आपली माणसं मुंबईला पाठवली तरी त्यांना घरी परतायला गाडी मिळाली नाही. हे माझ्या डोक्यातून कधी जात नाही.

बाबा रेल्वेत, सोलापूर डिव्हिजनच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कधी सोडायची हे ठरवणारा माणूस. आई पंढरपूर तालुक्यातली. त्यामुळे आमच्या घरात वर्षाला दोन मोठे सीझन, एक आषाढी आणि दुसरा भादवा, आणि दोन्ही सीझन शेवटी गाड्यांवर येऊन थांबायचे. आषाढीला बाबा घरी नसायचेच. नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळ, लातूर, मिरज, कुठून कुठून पंढरपूरला स्पेशल गाड्या येतात आणि त्या सगळ्या रोजच्या गाड्यांच्या मधून काढायच्या असतात. एकादशी झाली, वारकरी परत फिरले, की बाबा घरी येऊन सलग झोपायचे आणि उठल्यावर पहिला प्रश्न, गणपतीचं रिझर्व्हेशन कन्फर्म झालं का.

दुसऱ्यांच्या स्पेशल गाड्या चालवणारा माणूस आणि महिन्या-दीड महिन्याने स्वतः दुसऱ्याच कुणीतरी चालवलेल्या स्पेशलमधे घामाघूम होऊन बसलेला माणूस, हे दोन्ही मी एकाच माणसात बघितलंय. म्हणून गणपती स्पेशलबद्दल, म्हणजे गणपतीला कोकणात जायला रेल्वे ज्यादा गाड्या सोडते त्यांच्याबद्दल, कुणी 'काय त्या लेट गाड्या' असं म्हटलं की मला नुसतं हो म्हणून सोडून देता येत नाही.

बाबांनी मला लहानपणी कंट्रोल चार्ट दाखवला होता. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण तेव्हा मोठा कागद असायचा, आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. जलद गाडीची रेघ उभी-उभी, मालगाडीची पसरट. समोरून येणाऱ्या गाडीची रेघ उलट्या दिशेने तिरकी. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे स्टेशन असलंच पाहिजे, आणि त्या स्टेशनात लूप लाईन, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा रूळ, रिकामी असली पाहिजे, नाहीतर कुणालातरी मागेच अडवून ठेवावं लागतं. एकेरी मार्गाचं सगळं शास्त्र हेच. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. आपल्याकडे भिगवण ते मोहोळ आणि होटगीच्या पुढे गुलबर्ग्यापर्यंत असाच एकेरी पट्टा होता, अगदी अलीकडे तो दुहेरी झाला, त्यामुळे बाबांची अख्खी नोकरी क्रॉसिंग टाकण्यात गेली. ते म्हणायचे, स्पेशल गाडी सोडणं म्हणजे डबे आणि इंजिन जोडणं नव्हे, ते कुठूनतरी मिळतं, पण चार्टवर तिची रेघ ओढायला जागा मिळाली पाहिजे. त्या जागेला रेल्वेत पाथ म्हणतात. पाथ नसेल तर गाडी नाही.

हे डोक्यात ठेवून कोकणाकडे बघा.

आजोबांच्या वेळी गाडी नव्हती, आगबोट होती. मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बसायचं आणि हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं बंदर घेत घेत उतरायचं. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची, मग किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायचे आणि बायका-मुलं, ट्रंका, सगळं हलत्या बोटीतून हलत्या पडावात उतरवायचे. ही सेवा पण सीझनचीच. पावसाळ्यात बोटी बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, दर्या जरा निवला, की पुन्हा सुरू. म्हणजे गणपती बसायला तीन आठवडेसुद्धा उरलेले नसायचे, आणि त्या वर्षी पाऊस लांबला तर बोटीचा भरवसा नाही. पावसात बोट काढली की काय होऊ शकतं ते सगळ्या कोकणाला माहीत होतं, १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजोबा रामदासचं नाव काढलं की विषय बदलायचे.

आमच्याकडे सोलापुरात नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाची मार्कंडेय महाराजांची रथयात्रा निघते, पूर्व भाग सगळा फुलून जातो. आमच्या शेजारी तेलुगू बोलणारं कुटुंब, त्यांच्याकडे त्या दिवशी पाहुण्यांची रांग. आणि आमच्याकडे त्याच संध्याकाळी माळ्यावरून बॅगा खाली यायच्या, कारण आजोबांच्या घरात पिढ्यान् पिढ्या नारळी पौर्णिमेनंतरच प्रवासाचं नाव काढायची सवय. बोटी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती तरी बॅगा त्याच दिवशी उतरायच्या.

बोटी कमी कमी होत ऐंशीच्या दशकात संपल्या आणि सगळा भार एसटीवर आला. मुंबईकरांसाठी एसटी ज्यादा गाड्या सोडायची, आजही सोडते, अख्खी वाडी मिळून एक गाडी बुक करते. आम्हाला सोलापूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि तिथून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून कणकवली. किंवा गगनबावड्यावरून करूळ घाट. भादव्यात हे घाट म्हणजे धुकं आणि धबधबे आणि मधेच रस्त्यावर आलेली माती. घाट बंद असल्याची बातमी कोल्हापूरच्या स्टँडवर कळायची, मग तिथेच बाकावर रात्र काढायची. मला आठवतं ते आईचं तोंड, पदराने नाक झाकलेली, लिंबू हुंगत बसलेली, तिला घाट लागायचा. माळावरची बाई, तिच्या माहेरी डोंगर म्हणजे लांबून दिसणारी गोष्ट. पण तिने एकदाही जायला नको म्हटलं नाही.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी फार जुनी. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत तो विषय लावून धरला, त्यांच्यानंतर राजापूर मतदारसंघातून मधु दंडवते निवडून गेले आणि १९७७ ते ७९ मधे ते स्वतः रेल्वेमंत्री झाले. सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोम आला तो त्यांच्या काळात, हे बाबा दर प्रवासात एकदा तरी सांगतात. पण कोकणाची लाईन तेव्हाही झाली नाही. दिवा-पनवेल-आपटा करत करत रूळ रोह्यापर्यंत पोचले १९८६ ला आणि तिथेच थांबले. पुढे मग १९८९ च्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग आला, एक मंगळूरचा आणि दुसरा कोकणातून निवडून आलेला. १९९० मधे कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. रेल्वे खात्याने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५, गोवा आणि केरळने ६-६ टक्के असं भांडवल घातलं आणि बाकीचा पैसा बाजारातून रोखे काढून उभा केला.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास लाईन, ९० च्या वर बोगदे, लहानमोठे धरून दोन हजारच्या घरात पूल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण जमीन दिलेल्या हजारो लोकांचा विषय फार कमी निघतो. कोकणात जमीन म्हणजे तुकडे, एका गुंठ्यावर सहा भावांची नावं आणि त्यातले चार मुंबईला. तरी लोकांनी दिली. आमच्या काकांची काजूची थोडी जागा गेली. ते त्याबद्दल तक्रार करत नाहीत, रूळांकडे बोट दाखवून म्हणतात, 'ही आमचीच लाईन.'

शेवटचा अडथळा पेडण्याचा बोगदा होता, मऊ चिकण माती, खणलं की कोसळायचं, कामगारांचे जीवही गेले तिथे. तोपर्यंत सावंतवाडीपर्यंत गाड्या यायला लागल्या होत्या. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सलग झाला आणि १ मे ला रत्नागिरीत पंतप्रधान वाजपेयींनी तो देशाला अर्पण केला.

आणि मग त्याच भादव्यात काय झालं असेल ते कुणीही सांगू शकेल. ज्या लोकांनी इतकी वर्षं वाट बघितली ते सगळे एकाच आठवड्यात गाडीत बसायला आले.

बाहेरच्या माणसाला हे सांगून समजत नाही. कोकणातला गणपती हा मूळ घरात बसतो. आपल्या फ्लॅटमधे वेगळा, भावाच्या फ्लॅटमधे वेगळा असं नाही, एक घर, एक गणपती, आणि त्या घराच्या सगळ्या फांद्या तिथे यायच्या. आल्याशिवाय चालत नाही. सोलापुरातही गणपती जोरात असतो, शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती १८८५ पासूनचा, त्याचा आम्हाला मोठा अभिमान, पण तो सगळ्या गावाचा गणपती, तुम्ही नाही गेलात तरी त्याचं काही अडत नाही. कुडाळच्या घरात मी नाही गेले तर माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, कांगलं आणि कवंडाळ ही रानफळं बांधताना काकी माझ्या नावाने विचारणार. ऋषीपंचमीची भाजी निवडायला एक हात कमी पडणार. आरतीला आवाज कमी पडणार. म्हणून जायचंच असतं, आणि म्हणूनच गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत ही लाईन अशी भरते की वर्षभराचा प्रवास त्यापुढे काहीच नाही.

आता बाबांचा चार्ट आठवा. गणपती येतो ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरमधे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं, त्याआधी बरीच वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर. त्या काळात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, जोराचा पाऊस आला आणि पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० च्या वर जायचं नाही असा हुकूम. म्हणजे प्रत्येक रेघ पसरट. दोन स्टेशनांमधला तुकडा प्रत्येक गाडी जास्त वेळ अडवून ठेवणार. आणि नेमक्या ह्याच दिवसांत गाड्या सगळ्यात जास्त सोडायच्या. वर्षातला सगळ्यात मोठा सीझन आणि वर्षातला सगळ्यात सावकाश काळ एकाच वेळी येतात, दरवर्षी, चुकवता न येण्यासारखे. त्यात मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी. मग स्पेशल गाडी लूपला उभी राहते, राजधानी जाते, मालगाडी येते, समोरची कोकणकन्या जाते, मग तुमचा सिग्नल पडतो.

बाबा अशा वेळी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात चार्ट काढत बसायचे. 'आता समोरून मांडवी येऊ दे, मग आपल्याला सोडतील,' आणि खरंच मांडवी यायची. डब्यातले लोक त्यांना विचारायला लागायचे, काका आता किती वेळ, आणि ते उत्तर द्यायचे, कंट्रोलवर बसलेल्या कुणा अनोळखी माणसाच्या वतीने.

वेग कमी ठेवण्यामागचं कारण सांगायलाच हवं. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल वैभववाडीजवळ घसरली. कटिंगमधली, म्हणजे डोंगर कापून रूळ टाकलेत तिथली, दगड-माती रूळावर आली होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. सीझनचीच गाडी होती ती, सुट्टी संपवून परतणाऱ्या लोकांची. दुसऱ्याच वर्षी, जून २००४ मधे करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली, पुन्हा पाऊस, पुन्हा दरड. त्यानंतर पावसाळ्याचे नियम कडक झाले, डोंगरांचे उतार कापून सौम्य केले, जाळ्या मारल्या, आणि गस्त वाढवली. भर पावसात, रात्री, हातात दिवा घेऊन माणूस आपल्या वाट्याचे रूळ चालत तपासतो. शेकडो माणसं हे काम करतात. मी खिडकीत जागी असले तर अंधारात तो दिवा दिसतो आणि गाडी त्याच्यासमोरून हळू जाते. वैभववाडीच्या बातमीनंतर बाबा दोन दिवस घरात फार बोलले नाहीत, आणि तेव्हापासून आमच्या घरात कोकणातली गाडी लेट आहे ह्यावर कुणी चिडत नाही. दोन तास उशीर झाला म्हणजे कुणीतरी रूळ बघून मगच गाडी सोडली, एवढं मला पुरतं.

चिडायचं ते दुसऱ्या गोष्टींवर.

गणपती स्पेशल दरवर्षी लागतात हे काही आता नवीन राहिलेलं नाही. रेल्वेनेच दिलेले आकडे आहेत, २०२३ ला ३०५ फेऱ्या, २०२४ ला ३५८, २०२५ ला ३८०, त्यातल्या सर्वात जास्त मध्य रेल्वेच्या. चतुर्थी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापून येतं. तरीही स्पेशलची घोषणा होते तेव्हा नेहमीच्या गाड्यांचं बुकिंग उघडून, भरून, वेटिंग बंद होऊन गेलेलं असतं. लोक आधी कोकणकन्येत वेटिंग १८० घेतात, मग एसटीची ग्रुप बुकिंग करतात, मग खासगी बसवाल्याला दुप्पट पैसे देतात आणि मग कळतं की स्पेशल सुटणार आहे. आधी १२० दिवसांचं बुकिंग होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, म्हणजे घोषणा लवकर करायला रेल्वेला उलट सोपं झालंय. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या गाड्या वार्षिक वेळापत्रकात आधीच धरा. नंबर स्पेशलसारखा शून्याने सुरू होऊ दे, भाडं वेगळं असू दे, पण जानेवारीत छापून टाका. ज्या लाईनसाठी लोकांनी जमीन दिली, जिच्या भाड्यात अजूनही किलोमीटर वाढवून धरतात, त्या लाईनीवर भादवा हा अचानक आलेला पाहुणा धरून चालणार नाही.

काम होत नाही असं नाही. रोहा ते वीर हा पट्टा २०२१ ला दुहेरी झाला. त्याच सुमाराला मार्गावर १० नवी स्टेशनं उघडली, कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे अशी. प्रवाशांना वाटलं गावाला स्टेशन मिळालं, त्याचा आनंद आहेच, पण बाबांना वेगळाच आनंद झाला होता. आचिर्णे झालं म्हणजे वैभववाडी आणि नांदगावमधला तुकडा अर्धा झाला, म्हणजे चार्टवर आणखी एका रेघेला जागा. २०२२ पर्यंत सगळ्या मार्गाचं विद्युतीकरणही झालं. वीरच्या पुढचं दुहेरीकरण मात्र पैशावर अडलंय, डोंगरातून दुसरा बोगदा खणणं ही स्वस्त गोष्ट नाही आणि कॉर्पोरेशनकडे तेवढी ताकद नाही. २०२५ मधे महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. मला ते पटतं. नाव कोकण रेल्वे राहिलं तर बरं वाटेल, पण दुसरा रूळ पडला पाहिजे.

आम्हा सोलापूरकरांची अडचण आणखी वेगळी. नकाशावर बघा, सोलापूर आणि कुडाळ यांच्यामधे रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. पण गाडीने जायचं तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघायचं, पहाटे कल्याणला उतरायचं, लोकलने दिवा गाठायचं आणि दिवा-सावंतवाडी पकडायची. म्हणजे आधी पार मुंबईच्या दारात जाऊन मग पुन्हा दक्षिणेला तितकंच उतरायचं. दिव्याला भादव्यात गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसं रांगा लावून उभी असतात, ढोलकी, पेटी, मखराचे कागद, नवीन कपड्यांच्या पिशव्या, आणि त्या गर्दीत आम्ही शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचं गाठोडं सांभाळत. कडक भाकरी हीच एक गोष्ट जी एवढ्या प्रवासात दमट हवेलाही पुरून उरते. गावाकडे तिची वाट बघतात, काकी दुधात कुस्करून खाते, आणि परतताना त्याच गाठोड्यात आमसुलं आणि खाजा येतो.

गाडी सुटली की पेण-रोह्यापर्यंत लोक गप्प असतात, जागा, बॅगा, पोरं ह्यात अडकलेले. चिपळूण गेलं की कुणीतरी पेटी उघडतो. मग भजन. करबुड्याच्या बोगद्यात दिवे लागलेले, खिडक्या आवाजाने भरलेल्या, आणि आतमधे भजनाची बारी रंगलेली, समोरचा माणूस ओळखीचा नाही, पुन्हा भेटणारही नाही, पण त्याच्या टाळाला आपली टाळी बरोबर पडते. वारीच्या गाडीतही मी हे ऐकलंय. आईच्या माहेरचे लोक कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने जायचे, अडीच फुटी रूळांची ती गाडी, १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि १९०६ ला पंढरपूरला पोचली, आता तिथे ब्रॉडगेज आहे. त्या गाडीत अभंग आणि ह्या गाडीत गणपतीची गाणी. आईने कोकणातल्या गाडीत पहिल्यांदा बसल्यावर म्हटलं होतं, 'अहो, ही तर आपलीच वारी की हो.' बाबांना ते इतकं आवडलं की पुढे दर वर्षी ते बुकिंगला वारीचं तिकीट म्हणायला लागले.

कुडाळला पोचेपर्यंत बहुतेक वेळा अंधार. काका स्टेशनात आधीपासून येऊन बसलेले, फोनवर विचारत, 'गाडी खय इली?' आणि उतरल्यावर डोक्यावर हात ठेवून म्हणणार, 'इलंस मा बाय, पुरे.' २०२० साली हेच शब्द ऐकायला मिळाले नाहीत. कोरोनाचं वर्ष, स्पेशल गाड्या सोडल्या खऱ्या पण क्वारंटाईनचे दिवस धरले तर चतुर्थी हुकत होती. काकांनी व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, मोबाईलसमोर, सोलापुरात.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग मंजूर होऊन बरीच वर्षं झाली, शंभर किलोमीटरच्या वर थोडीशी लाईन, ती झाली तर सोलापूर, पंढरपूर, मिरज, सांगली, कोल्हापूर हा सगळा देशावरचा पट्टा सरळ कोकणात उतरेल. चिपळूण-कराडचंही तेच. दोन्ही कागदावर. जून २०२५ मधे सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं, चांगलंच झालं, पण विमानात आजीला, चार पोरांना आणि गाठोड्याला घेऊन जाणारी माणसं आम्ही नाही. पुण्याहून रत्नागिरी, सावंतवाडीकडे गणपती स्पेशल सोडतात, तीही कल्याण-पनवेल फिरूनच.

पण एक वाट आजही आहे, नवीन रूळाचा एक तुकडाही न टाकता. सोलापूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, कुळे, मडगाव, आणि तिथून उत्तरेला थिवी, सावंतवाडी, कुडाळ. मिरज-पंढरपूर ब्रॉडगेज झाल्यापासून हा सगळा मार्ग सलग एकाच गेजचा आहे. मधे कॅसलरॉक ते कुळे हा दूधसागरचा घाट आहे, ३७ ला १ असा चढ, तिथे जादा इंजिनं लावावी लागतात, वेळ जातो. तरीसुद्धा मधे कुठे उतरून लोकल पकडायची नाही, दिव्याची रांग नाही. आणि मुख्य म्हणजे रोहा ते राजापूर हा सगळ्यात तुंबलेला पट्टा ही गाडी शिवतच नाही, ती खालून येते. त्या पट्ट्यात मुंबईच्या स्पेशल गाड्यांच्या पाथवर तिचा काही भार नाही.

बाबा रिटायर झालेत, पण हा चार्ट त्यांनी हाताने काढलाय, जुन्या पद्धतीने, मोठ्या कागदावर. चतुर्थीच्या दोन दिवस आधी जायची एक फेरी आणि गौरी विसर्जनानंतर यायची एक. आषाढीसाठी आलेला एखादा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचा अख्खा संच, वारी संपल्यावर वापरता येईल का हेही त्यांनी बाजूला लिहिलंय. यंदा एकादशी २५ जुलैला आहे आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. १२ तारखेच्या गाडीचं बुकिंग ६० दिवसांच्या हिशोबाने १४ जुलैला सकाळी ८ ला उघडेल, म्हणजे त्याच्या आधी ही गाडी जाहीर झाली तरच उपयोग. आषाढीच्या तयारीत डिव्हिजन बुडालं की मग कुणी ऐकायला रिकामं नसतं, म्हणून अर्ज आधीच द्यायचाय. सोलापूर, पंढरपूर, सांगोला, मिरज भागातले जे कोणी भादव्यात कोकणात किंवा गोव्यात घरी जातात त्यांनी सह्या द्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सह्या आधी घ्या. चार्ट अर्जाला जोडलाय, त्यात मिरजेला इंजिन क्रूसाठीचा आणि कॅसलरॉकला बँकर, म्हणजे घाटातलं जादा इंजिन, जोडायचा वेळसुद्धा बाबांनी धरून ठेवलाय.